वाचनकक्षातल्या फेऱ्या

संगमनेरच्या आमच्या महाविद्यालयात वीजबचत समितीचा प्रमुख मी होतो. भौतिकशास्त्र शिकवायचो, म्हणून ते काम आपसूक माझ्याकडे आलं. जुन्या ट्यूब काढून एलईडी बसवले, ते बरोबरच होतं. पण वाचनकक्षात प्रत्येक टेबलावरच्या दिव्याला मी सेन्सर लावला. खाली हालचाल झाली की दिवा लागायचा, थांबली की थोड्या वेळानं विझायचा. चाचणीही मीच घेतली. टेबलांमधून ऐटीत चाललो आणि दिवे पुढे पुढे लागत गेले. तिथं पुस्तक घेऊन बसून मात्र पाहिलं नाही.

ग्रंथपाल मॅडम लगेच स्टाफरूममध्ये आल्या. "सर, वाचणारा माणूस हलत नाही हो. मुलांवर अंधार पडतो."

"मग हलायला सांगा की. व्यायाम होईल."

सगळे हसले. मॅडमही ओशाळं हसून गेल्या, आणि तेव्हापासून वाचनकक्षात फेऱ्या मारू लागल्या. दिवा विझायच्या आत त्या टेबलाजवळून जायच्या, मग पुढच्या, मग फिरून पुन्हा. शेजारी नवी इमारत उठल्यापासून तिथं दुपारीसुद्धा उजेड नसे. "निघाल्या मॅडम प्रदक्षिणेला," आम्ही चहा पिताना म्हणायचो.

मुलांना कारण ठाऊक नव्हतं. त्यांनी तक्रार केली की मॅडम सारखा पहारा देतात, वाचू देत नाहीत. प्राचार्यांनी बैठकीत विचारलं, तेव्हा मॅडम एवढंच म्हणाल्या, "का फिरते ते सरांना माहीत आहे."

वीजबिल उतरवलं म्हणून नुकतंच मला शाल-श्रीफळ मिळालं होतं.

"मला काही कल्पना नाही," मी म्हणालो.

मॅडमना कार्यालयात बसवलं. पुढे नोकरी सोडून त्या राजूरला भावाकडे गेल्या. तिथंच वारल्याचं कानावर आलं. अजूनही कॉलेजात त्यांचं नाव निघालं की 'पोरांना वाचू न देणाऱ्या' म्हणूनच निघतं. ते खोटं आहे. त्या मुलांसाठी दिवे लावत होत्या, आणि हे जाणणारा आता मी एकटाच उरलो आहे. हल्लीच्या प्राचार्यांना सांगून पाहिलं. "जाऊ द्या सर, जुनी गोष्ट," म्हणाले. म्हणून इथं लिहितो आहे.

बायको गेल्यापासून घरात कुणाचा आवाज नाही. दुपारी मी त्याच वाचनकक्षात जाऊन बसतो. वाचता वाचता दिवा जातो. मग कुणाला तरी हाक मारल्यासारखा हात वर करायचा.

परवा कोपऱ्यातल्या टेबलावर एक मुलगी वाचत होती. तिचा दिवा विझला. तिनं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, पण हलली नाही. मी उठलो, काठी टेकत तिच्या टेबलाजवळून गेलो. दिवा लागला. परतलो, आणि थोड्या वेळानं पुन्हा गेलो.

तिसऱ्या खेपेला तिनं मान वर करून वैतागून माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या टेबलाकडे चालत राहिलो.