सोलर प्लेटचा कांदा

नागपूरच्या उन्हाशी माझ्या मामांइतकं वैर कुणी धरलं नसेल, आणि त्याच उन्हावर त्यांच्याइतका मोठा डावही कुणी लावला नसेल. होळी झाली की ते डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळत, तो पावसाळा लागल्यावरच सोडत. खिशात कांदा असायचाच, कारण कांदा जवळ असला की ऊन लागत नाही. शहरातल्या नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घरी पाहुण्याला आधी कांदा मिळे, मग पाणी. माझ्या लग्नातही त्यांनी माझ्या कोटाच्या खिशात एक सरकवला होता. मंगलाष्टकं चालू असताना बायकोने नाक मुरडलं ते त्या कांद्यामुळेच, अशी मी आजवर स्वतःची समजूत घालत आलो आहे.

नोकरी संपल्यावर मामांना सावनेरजवळच्या आपल्या संत्र्यांच्या बागेत राहायचं होतं. दोन खोल्या बांधल्या, विहीर होतीच. वीज तेवढी नव्हती. खांब गावापर्यंत येऊन थबकले होते. मामींना अंधाराची भारी भीती. "बटन दाबल्यावर उजेड पडन, त्या दिवशी येईन मी. तोवर तुमी आन तुमचा कंदील नांदा सुखानं," त्यांनी स्वच्छ सांगितलं. मग मामा बागेत आणि मामी नंदनवनात. मामा ऐट दाखवत, पण स्वतःच्या हातचं पिठलं खाऊन पार उतरून गेले होते. मामींशिवाय त्यांना करमत नव्हतं, आणि हे ते मेले तरी कबूल करणार नव्हते.

तेवढ्यात कुणीतरी सोलर प्लेटचं सांगितलं. घरोघरी टीव्ही येऊ लागले होते तेव्हा, पण सोलर आमच्यात कुणी पाहिलं नव्हतं. मामा मला घेऊन सीताबर्डीवर गेले. माठ घेताना वाजवून बघतात तशी त्यांनी प्लेट बोटाने वाजवली आणि दुकानदाराला विचारलं, "याले ऊन सोसते का?"

"काका, हे उन्हातच ठेवायचं असते."

"मी बी जन्मभर उन्हातच आहो. मले कुठं सोसते?"

दुकानदार शेवटी दमून म्हणाला, की फार तापली तर जराशी कमी काम करते. मामांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. "आयकलं गा? कबूल झाला तो!"

चैत्रात प्लेट छपरावर बसली. कारागिराने तिचं तोंड दक्षिणेकडे केलं तेव्हा यमाच्या दिशेवरून मामांनी थोडी कुरकुर केली. खाली बॅटरी आणि एक ट्यूबलाइट. मामींना अक्षय तृतीयेचं आमंत्रण गेलं, त्यांना आणायला मला पाठवलं. संध्याकाळी मामींनी बटन दाबलं. ट्यूब दोन्ही टोकांना लाल झाली, फडफडली आणि विझली. मामींनी पिशवी उचलली. शेवटची एसटी निघून गेली होती म्हणून त्या राहिल्या. मामांचा चेहरा मला बघवेना.

सकाळी ऊन चढू लागलं तशा मामी अंगणात आल्या, तर मामा बादली घेऊन शिडीवर! प्लेटवर ओलीचिंब चादर दुहेरी घातलेली, आणि प्लेटच्या लोखंडी पायाला कांदा बांधलेला.

"अहो, काहून झाकून राहिले तिले?"

"मंग? असं ऊन! आजारी पडली असती ना बिचारी. मी रोजच झाकतो."

मामी हसता हसता ओट्यावरच बसल्या. मग स्वतः शिडी चढून त्यांनी चादर ओढली. त्या संध्याकाळी ट्यूब अशी लख्ख लागली की मामा तिच्याकडे बघायचं सोडून मामींकडेच बघत राहिले. मामी म्हणाल्या, "आता राहतेच मी इथं. तुमच्या भरवशावर सोडलं तं कंदिलालेबी पांघरूण घालान तुमी."

पुढे बागेतही खांब आले. मामांनी प्लेट काही उतरवू दिली नाही. आता मामा नाहीत, प्लेटही कधीचीच बंद आहे. परवा भर उन्हाळ्यात गेलो, तर तिच्या पायाला नवा कांदा बांधलेला दिसला.

"मामी, ही तर बंद पडली ना?"

"ती पडली, बाबू. ऊन कुठं बंद पडलं?"

निघताना त्यांनी माझ्याही खिशात एक कांदा सरकवला. सावनेरपर्यंत तो चाचपत बसलो. मामांची फार आठवण आली.