नानांची दोन बोटं

नाना मिस्तरी कुणाचंही नवं विमान आधी पंखांखाली दोन बोटं धरून तोलायचे आणि ते कलंडलं, की कडकन मोडून टाकायचे. मालकाच्या डोळ्यांदेखत! "उडस ते इमान, नही उडस ते सरपण," एवढं बोलून पुढच्याकडे वळायचे. हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत सलायचा.

युद्धाचे दिवस होते. धुळ्याला पांझरेकाठी, कापसाच्या जिनिंगमागच्या मैदानावर आम्ही सहा-सात हौशी माणसं दर रविवारी सकाळी खेळण्यातली विमानं उडवायचो. बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद, घरची खळ आणि पंखा फिरवायला पीळ दिलेलं रबर. नाना त्या जिनिंगमध्ये मिस्तरी, मी तिथलाच कारकून. विमान बांधायला त्यांनीच शिकवलं, हे कबूल करतो. पण काय ती जीभ! माझी तीन विमानं त्यांनी मोडली. "अहो नाना, नाकाला चिमूटभर मेण लावलं की तोल येईल," असं मी एकदा म्हणालो.

"मेण लाईसन बाहुल्या बनाव, इमान नको!"

चौथ्या विमानावर मी चार महिने खपलो. ते बोटांवर सरळ राहिलं. नानांनी ते न मोडता परत दिलं. पण उन्हाळ्यात तापलेली हवा असं हलकं विमान वर उचलते आणि मग ते हाती लागत नाही. ते हरवू नये म्हणून मी शेपटीला पेटती सुती वात बांधायचं ठरवलं. वात जळत आली की शेपटी ताणून धरणारा दोरा जळतो, शेपटी वर उचलली जाते, विमान खाली बसतं.

"कापूसना गावमा इस्तो उडावस का रे?" नाना गरजले आणि वात उपटून फेकून दिली.

पुढच्या रविवारी त्यांची पाठ वळताच मी दुसरी लावली. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय!

विमान झकास चढलं. मग वारा फिरला. दोरा तुटला तेव्हा ते नेमकं जिनिंगच्या आवारात, कापसाच्या गंजीवर जाऊन बसलं. वात अजून धुमसत होती. नाना कुंपणावरून उडी टाकून धावले. कापसातली आग आत आत शिरते, वरून पाणी ओतून भागत नाही. त्यांनी उघड्या हातांनी पेटता कापूस उपसून बाहेर फेकला. गंजी वाचली.

जिनिंगचे शेठ धावत आले. "कोणाचं विमान हे?"

मी दोन पावलं मागे सरकलो. नानांनी भाजलेले हात पाण्याच्या बादलीत बुडवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "यानं शे. वात बी यानीच लायी."

माझी नोकरी तिथल्या तिथे गेली.

एक शब्द गिळला असता तर यांचं काय जात होतं? मी जळगावला दुसरी नोकरी धरली आणि दोन वर्षं नानांना मनोमन लाखोली वाहिली. मग निरोप आला, नाना अंथरुणाला खिळलेत, तुला बोलावतात. म्हटलं बरं झालं, तोंडावर सुनावून येऊ.

उशाशी नवं विमान होतं. नानांची बोटं आखडून वाकडी झालेली. त्या बोटांनी काड्या कशा तासल्या असतील, देव जाणे. सुनावायचं राहून गेलं, मी उशाशी बसलो.

"मन्हा बोटं आते कामना नहीत. तू तोल."

मी विमान दोन बोटांवर घेतलं. ते शेपटीकडे कलंडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा कलंडलं.

"नाना, थोडं मेण लावू?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी असं पाहिलं, की माझी मान खाली गेली.

"काय देखी राह्यना? मोडी टाक."

मी ते कडकन मोडलं. तुकडे नेऊन त्यांच्याच चुलीत घातले आणि तिथेच बसून रडलो.