सावलीचा ब्लॉग आणि अनामितभाऊ

जळगाव जिल्ह्यात उन्हाळ्यात सावलीला बसणारे लाखो लोक असतील, पण सावली बघायला म्हणून घरातून बाहेर पडणारा माणूस एकच, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. लोक डोंगर बघायला जातात, देवळं बघायला जातात. मामा वैशाखातल्या भर दुपारी डोक्याला उपरणं गुंडाळून निघतात, एखाद्या झाडाखाली तासभर बसून येतात आणि ते झाड कसं निघालं हे सांगतात. अख्खी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरच्या शेजारी गेल्यामुळे त्यांना उष्णतेविषयी नव्याने काही शिकायचं उरलेलं नव्हतं. निवृत्त होऊन जळगावला आल्यावर त्यांनी उरलेलं आयुष्य सावलीला वाहून टाकलं.

सावली म्हणजे ऊन नसलेली जागा, असं मी एकदा त्यांच्यासमोर बोलून गेलो. त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. मग मला कळलं की कडुलिंबाची सावली स्वभावाने गरीब असते आणि कुणालाही चालते. चिंचेची जड असते, तिच्याखाली झोपलेला माणूस चिडूनच उठतो. बाभळीची नुसती दिसायला असते. केळीच्या बागेतली सावली ओली असते आणि तिच्यात बसायचं ते बनियन वाळत घालायची सोय बघूनच. एका बसथांब्याच्या पत्र्याखाली मी त्यांना मोठ्या आदराने नेऊन उभं केलं, तेव्हा वर बघून ते म्हणाले, “जावईबापू, ही सावली नही, हा तवा आहे.” आम्ही दोघं मग समोरच्या विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभे राहिलो. बस येईपर्यंत सावली सरकत होती तसे आम्हीही सरकत होतो, आणि थांब्यावरचे लोक आमच्याकडे बघत होते.

या ज्ञानाचा उपयोग ते सढळ हाताने करतात. रस्त्यात कुणी अनोळखी माणूस मोटारसायकल लावताना दिसला की थांबून सांगतात, “इथी नका लावू, चहा पिऊन याल तोपर्यंत सीट तापीन.” फैजपूरला मे महिन्यातल्या एका लग्नात त्यांनी मांडवाच्या कापडाचा कल चुकला आहे हे पंगत बसल्यावर ओळखलं, आणि वरणभात वाढून झालेली अख्खी पंगत पत्रावळींसकट उठवून विहिरीच्या बाजूला नेली. मुलीचे वडील आधी लालबुंद झाले. नंतर स्वतःच ताट घेऊन तिकडे आले. स्मशानातसुद्धा मामा कुठे उभे राहतात हे बघून बाकीचे उभे राहतात, कारण शेवटपर्यंत सावली टिकणारी जागा त्यांनाच माहीत असते. गेलेल्या माणसाबद्दल त्यांना आदर नसतो असं मुळीच नाही.

हे सगळं रोज संध्याकाळी ऐकून घेणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे मामी. मामा ओट्यावर बसून दुपारचा वृत्तांत सांगत आणि मामी मेथी निवडत ऐकत. “हं” म्हणत. मध्येच “मंग पिंपळ कसा निघाला?” असं विचारत. हा प्रश्न विचारणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. त्या गेल्या आणि मामांचा पिंपळ ऐकायला कुणी उरलं नाही. आम्ही होतो, पण आम्ही म्हणजे मान हलवता हलवता फोन बघणारे लोक. मामांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी सांगणंच बंद केलं. दुपारी जाऊन येत आणि ओट्यावर गप्प बसत. मला ते बघवेना. म्हणून एका रविवारी मी त्यांना ब्लॉग काढून दिला आणि त्याला ‘गार सावली’ असं नाव दिलं. “इथे लिहा, जगात कुणीही वाचू शकतं,” असं सांगितलं. मामा म्हणाले, “कुनीही नको, एक जन वाचीन त भागलं.”

एका बोटाने लिहायला वेळ लागतो म्हणून ते फोनला बोलून लिहायला लागले. त्यांचा उच्चार फोनला कळेना. ‘सावली’चं त्याने परस्पर ‘साली’ करून टाकलं, आणि पहिलाच लेख ‘मला लहानपणापासून साली आवडते’ या वाक्याने सुरू झाला. दुसऱ्या परिच्छेदात ‘दुपारच्या वेळी सालीसारखं सुख नाही’ असंही होतं. मी बघून दुरुस्त करेपर्यंत तो लेख सगळ्या नातेवाइकांकडे पोचला होता. मामींच्या धाकट्या बहिणीने पुढे बरेच दिवस मामांचा फोन उचलला नाही.

पण लेखाखाली एक प्रतिक्रिया आली होती. ‘छान’ एवढाच शब्द, आणि वर नाव होतं ‘अनामित’. नाव न देता कुणी लिहिलं की ब्लॉगवर असं आपोआप उमटतं, हे तुम्हाआम्हाला माहीत असतं. मामांना ते माणसाचं नाव वाटलं. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी मला समजावलं, “अमित राह्यते, सुमित राह्यते, मंग अनामित काऊन राहू नये?” दारी आलेल्या माणसाला पाणी विचारावं तसं मामांनी लगेच उत्तर दिलं: ‘अनामितभाऊ, आपण छान म्हणालात, आनंद झाला. नेमके काय छान वाटले ते सवडीने कळवावे. घरी सर्व बरे आहेत ना?’

दुसऱ्या लेखावर अनामितभाऊंनी लिहिलं, ‘बकवास. काही कामधंदा नाही का?’ मामा दिवसभर अस्वस्थ होते. स्वतःसाठी नव्हे. “परवा चांगला बोलला मानूस. घरात काहीतरी झालं असीन,” असं ते मला तीनदा म्हणाले, आणि त्यांनी उत्तर लिहिलं की अनामितभाऊ, डोकं तापलं असेल तर दुपारी कडुलिंबाखाली जरा आडवं होऊन पाहा, आणि वहिनींशी बोलून घ्या. तिसऱ्या लेखावर अनामितभाऊ थेट अहिराणीत उतरले: ‘भाऊ, बाभूयनी सावली बठ्ठासमा बेकार शे.’ म्हणजे बाभळीची सावली सगळ्यांत वाईट. यावरून मामांनी ताडलं की त्यांचं आजोळ धुळ्याकडचं असणार. पुढे अनामितभाऊंनी पोट कमी करण्याच्या चूर्णाची जाहिरात टाकली, तेव्हा मामांनी ‘माझे पोट ठीक आहे, पण आपण चौकशी केलीत याबद्दल आभारी आहे’ असं कळवलं. वडाच्या लेखाखाली तर एका अनामितने वड श्रेष्ठ म्हटलं, दुसऱ्याने पिंपळ, आणि दोघांची चांगली जुंपली. मामा ते सगळं वाचून भारावून गेले. “सोताशीच वाद घालते,” ते म्हणाले. “लय इचारी मानूस आहे.”

बायको मला म्हणाली, आता सांगून टाका. मी सांगायला म्हणून गेलोही. मामा ओट्यावर बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मामी असतानाचा जुना तजेला होता. “जावईबापू,” ते म्हणाले, “इतकं मन लावून ऐकनारा मानूस आजकाल कुठी भेटते?” मी चहा प्यायलो आणि परत आलो.

मग थंडी पडली. थंडीत सावलीला कोण विचारतो? सगळा जिल्हा उन्हात पाय पसरून बसलेला असतो. मामा निष्ठेने कडुलिंबाखालीच बसत, स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून. पण लिहायला काही सुचेना, आणि ब्लॉगवरही कुणाची प्रतिक्रिया येईना. मामा पुन्हा गप्प बसायला लागले. एका सकाळी मी ब्लॉग उघडला तर नवा मजकूर होता: ‘अनामितभाऊंना आग्रहाचे आमंत्रण. येत्या रविवारी सकाळी भरीत खायला घरी यावे.’ पत्ता झाडांच्या खुणांनी दिला होता. कॉलनीच्या रस्त्याने पहिला कडुलिंब सोडा, वाळलेला गुलमोहर सोडा, दुसऱ्या कडुलिंबाखालचं फाटक आमचं. खाली लिहिलं होतं, ‘आपण न आल्यास मला फार वाईट वाटेल.’

जो माणूसच नाही तो येणार कुठून? आणि तो आला नाही की मामा लिहिणं सोडणार, बोलणं सोडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. कुणाला तरी अनामित म्हणून उभं करावं असं ठरवून मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला गळ घातली. त्याने ब्लॉग वरून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, “पण मी यातला कोणत्या स्वभावाचा अनामित व्हायचं?” विचार करून त्याने नकार दिला. मी त्याला दोष देत नाही.

रविवारी मामांनी पहाटेच कपाशीच्या काड्यांचा जाळ करून हिरवी वांगी भाजायला घेतली. माझ्या बायकोने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. कडुलिंबाखाली दोन खुर्च्या मांडल्या, एक मामांची आणि एक अनामितभाऊंची. मामा इस्त्रीचा सदरा घालून फाटकाकडे तोंड करून बसले. दूधवाला येऊन गेला. पेपर वाचून झाला. वांगी ठेचून झाली. मामा दर थोड्या वेळाने उठून रस्त्यावर जात आणि, “सापडत नसीन घर त्याले,” असं म्हणत परत येत. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

अखेर फाटक वाजलं. कानाला रुमाल बांधलेला एक पन्नाशीचा माणूस आत आला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, “राम राम भाऊ. मी अनामित. शिरपूरथीन उनू.” मामांनी उठून त्याला मिठीच मारली. मी भिंतीला टेकलो. त्याला खुर्चीवर बसवतात न बसवतात तोच एक बाई आणि त्यांचे यजमान आले. बाई हसून म्हणाल्या, “मी अनामित. वड श्रेष्ठ म्हणणारी.” यजमान म्हणाले, “मीही. पिंपळवाला. हिला माहीत नव्हतं मी आहे ते.” त्यांच्या मागे एक तरणा माणूस मान खाली घालून उभा होता. तो पुटपुटला, “मी... बकवास लिहिलं होतं ना, तो.”

मामा एकेकाकडे बघत होते. शिरपूरच्या पाहुण्यांनी डोळे मोठे केले आणि म्हणाले, “आते बठ्ठाच अनामित शेतस का काय!” मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, आणि मला ते आधीपासून माहीत होतं हेही. मग ते म्हणाले, “जावईबापू, अजून वांगी भाजा. तरी मी म्हने, एका मानसाचा सोभाव इतका कसा काय बदले?”

खुर्च्या, पाट, बादली, जे मिळेल त्यावर सगळे कडुलिंबाखाली बसले आणि जानेवारीच्या गारठ्यात काकडत मामांचं ऐकत राहिले. कुणी फोन काढला नाही. बाईंनी शाल घट्ट गुंडाळून विचारलं, “उंबराबद्दल लिहिलं नाहीत तुम्ही?” मामा उंबराबद्दल बोलले. बकवासवाल्याचे दात वाजायला लागले, पण तो उठला नाही. शेवटी मामांनीच त्याच्या हाताला धरून त्याला उन्हात नेऊन बसवलं आणि तिसरी भाकरी वाढली. पाहुणे गेले तेव्हा दुपार झाली होती.

आमच्याकडे नवा माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग आजोळ, आणि चहा येईपर्यंत तो कुणाचा तरी साडू निघालेला असतो. मामा यात कुणाला हार जाणारे नव्हेत. पण त्या सकाळी त्यांनी एकालाही नाव विचारलं नव्हतं. मला राहवेना. मी खुर्च्या आत नेता नेता विचारलं, “मामा, एकाचं तरी नाव विचारायचं होतं.”

“कशाले?” ते म्हणाले. “बठ्ठ्यांची नावं कळली असती त मंग अनामित म्हनून कुनी उरलंच नसतं. आता कसं, कुनीही असू शकते.” ओट्यावर मामी मेथी निवडायच्या ते सूप रिकामं पडलं होतं, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, “तुमची मामीबी.”

मामींना फोन उचलण्यापलीकडे त्यातलं काही येत नव्हतं. हे मला ठाऊक होतं आणि मामांनाही ठाऊक होतं. मी म्हणालो, “हो मामा. असू शकतं. त्याला काही नियम नाही.” मामांनी मान हलवली आणि उंबराचा लेख लिहायला आत गेले.