छोट्या लाईनचं फाटक

सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे, एका हिवाळ्यात, मी चार दिवसांच्या सायकल शर्यतीत उतरलो होतो. नागपूरहून निघायचं, पहिला मुक्काम पांढुर्णा, दुसरा बैतूल, तिसरा छिंदवाडा आणि चौथ्या दिवशी सौंसर-सावनेरवरून परत नागपूर. रोज कोणीतरी पहिला यायचाच, पण खरा हिशेब वेळेचा. सगळ्या दिवसांची मिळून ज्याची वेळ सर्वांत कमी, तो जिंकला. संध्याकाळी बेरीज व्हायची आणि पुढे असलेल्याला दुसऱ्या दिवशी घालायला पिवळी बनियान मिळायची. गर्दीत तो कुठे आहे हे रस्त्याकडेच्या माणसालाही कळावं म्हणून.

मी तेव्हा सीताबर्डीवर एका कापडाच्या दुकानात कामाला होतो. दिवसभर उभं राहून कापड मोजायचं आणि पहाटे सायकल हाणायची, एवढंच माझं आयुष्य. आमच्या चौघांच्या संघाचा कप्तान खापरखेड्याच्या वीजकेंद्रात फिटर होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. धम्मदीक्षेच्या वर्षी, छप्पन साली, त्याच्या वडिलांनी त्याला सायकलच्या दांड्यावर बसवून गावाहून नागपूरला आणलं होतं. तो सांगायचा, की त्या गर्दीतलं मला फार आठवत नाही, पण बाबाचा श्वास मानेवर लागत होता ते आठवतं. तेव्हापासून त्याला सायकलचं वेड. आता त्यानं तिशी ओलांडली होती आणि ही आपली शेवटची मोठी शर्यत, असं त्यानं वहिनींना कबूल केलेलं होतं.

तिसरा सावनेरचा. कोळशाच्या खाणीत कामाला, अंगानं एवढासा, बोलणं त्याहून कमी. सपाट रस्त्यावर वारा त्याला पाचोळ्यासारखा मागे लोटायचा. पण चढ आला की आमच्यातलं कोणी त्याच्याजवळ टिकत नसे. चौथा गडी पहिल्याच दिवशी सावनेरच्या पुढे बैलगाडी चुकवताना पडला आणि खांद्याचं हाड मोडून घरी गेला. त्याच्याबद्दल यापुढे सांगण्यासारखं काही नाही. आमचे मार्गदर्शक म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे सर. ते जीपमध्ये मागून यायचे आणि खिडकीतून ओरडायचे.

ज्यांनी अशी शर्यत पाहिली नाही त्यांना वाटतं, प्रत्येक जण आपापला पळतो. तसं नसतं. पुढच्याच्या चाकाला चाक लावून मागे राहिलं की वारा कमी लागतो, दम वाचतो. म्हणून संघातले बाकीचे आळीपाळीनं पुढे होऊन वारा अंगावर घेतात आणि ज्याला जिंकवायचं त्याला मागे जपून नेतात. निघताना ठरलं होतं, की आम्ही सगळ्यांनी दादाला जपायचं.

पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी मुलताईच्या अलीकडचा चढ लागला आणि फौजी संघाच्या कप्तानानं जोर केला. उंच, शांत चेहऱ्याचा माणूस. शर्यत तोच जिंकणार असं सगळे धरून चालले होते. दादा त्याच्या मागे निघाला, थोडा वेळ टिकला आणि मग त्याच्या खांद्यांची हालचाल बदलली. सायकलवाल्याचे पाय संपले की आधी खांद्यांवर दिसतं. सावनेरवाला त्याच्या बाजूलाच होता. तो दादाकडे पाहत होता, जावं की थांबावं.

दादा ओरडला, "जा ना बे! काहून थांबून राहिला?"

तो गेला. मी दादासोबत राहिलो. वरच्या वळणावर पाहिलं तर सावनेरवाला फौजीच्या चाकाला चिकटला होता, आणि घाटमाथ्याआधी तो त्याच्याही पुढे निघून गेला होता.

त्या संध्याकाळी बैतूलच्या शाळेत, जिथे आमचा मुक्काम होता, पिवळी बनियान सावनेरवाल्याच्या अंगावर होती. ती त्याला गुडघ्यापर्यंत येत होती. सर म्हणाले, "कप्तान अजून दादाच. सपाटीवर हा पोरगा टिकायचा नाही, वेळ भरून काढता येईल." त्यांचं चूक नव्हतं. दादा पाय बादलीत बुडवून बसला होता. त्यानं एक पाय बाहेर काढून पुसला. मग म्हणाला, "सर, उद्यापासून आमी दोघं याच्या पुढे. याले वारा लागू द्यायचा नाही." आणि सावनेरवाल्याकडे वळून, "बनियान खोचून घे गा नीट, चाकात जाईल." एवढ्यावर ते संपलं. दादा त्यानंतर उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्यानं तोंड धुतलं होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी सावनेरवाल्याला छिंदवाड्यापर्यंत तळहातावरच्या फोडासारखं नेलं. फौजींनी पुन्हा पुन्हा जोर करून पाहिला, प्रत्येक वेळी दादा त्यांना ओढून परत आणायचा. संध्याकाळच्या बेरजेत सावनेरवाला पुढेच होता, पण मिनिटाचंही अंतर नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी बोटं ब्रेकवर वळत नव्हती इतकी थंडी. घाट उतरून सौंसरकडे आलो तसा डावीकडून वारा सुरू झाला. आडवा वारा फार वाईट. त्यात सरळ मागे राहून आडोसा मिळत नाही, तिरपं राहावं लागतं, आणि रस्त्याची रुंदी संपली की शेवटचे लोक उघडे पडतात. फौजींना हे चांगलं माहीत होतं. संत्र्यांच्या बागा संपून उघडं रान लागलं आणि त्यांचा कप्तान आपल्या एका साथीदाराला घेऊन सुटला. सावनेरवाला त्या क्षणी कडेला होता, उघड्यावर. मधे चार चाकांची जागा पडली, मग दहा, मग ते दोघं रस्त्यावरचे ठिपके झाले.

दादा आणि मी आळीपाळीनं ओढत राहिलो. मागे पुण्याचा एक आणि आणखी दोन-चार जण होते, पण ते कशाला मदत करतील? दुसऱ्या जीपमधले पंच पुढेमागे करून अंतर सांगत होते. ते मिनिटाच्या वर गेलं आणि तिथेच अडून राहिलं. म्हणजे पिवळी बनियान अंगावर होती, पण हिशेबात गेली होती.

सावनेर जवळ आलं. छिंदवाड्याची छोटी लाईन तिथे रस्त्याला आडवी जाते. वळण घेतलं तर समोर फाटक पडलेलं, आणि फाटकाशी दोन्ही फौजी एकेक पाय जमिनीला लावून उभे. कोळशाच्या डब्यांची गाडी चालली होती, बैलगाडीनंही मागे टाकावं अशा चालीनं. आम्ही त्यांच्या मागे जाऊन थांबलो. ज्या अंतरासाठी त्यांनी सकाळपासून छाती फोडली होती, ते गाडीनं पुसून टाकलं होतं.

फौजी कप्तानानं पंचांकडे पाहिलं. पंच जीपमधून उतरले, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, याला काही नियम असेल तर तो मला ठाऊक नाही, तुम्ही आपसात ठरवा. तेवढ्यात सर धावत आले. "ठरवायचं काय त्यात? शर्यतीत नशीब असतंच. पंक्चर झालं असतं तर हे थांबले असते का? फाटक उघडलं की सगळे निघा!"

सरांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी मनातून त्यांच्याच बाजूला होतो. माझ्या पायांत पेटके आले होते आणि देवानंच ही गाडी पाठवली असं मला वाटत होतं.

सावनेरवाला गाडीच्या डब्यांकडे पाहत होता. तो म्हणाला, "त्यांले जाऊ द्या पुढं. जेवढं अंतर होतं तेवढं."

"वेड लागलं काय तुला?" सर म्हणाले. मग दादाकडे वळले, "तू कप्तान आहेस. सांग याला."

दादा हँडलवर डोकं टेकून उभा होता. त्यानं डोकं वर न करताच उत्तर दिलं, "बनियान त्याच्या अंगावर आहे, सर. तो म्हणन तसं."

"गाडीनं पकडलं त्यांले," सावनेरवाला म्हणाला. "आपण कुठं पकडलं?"

पुण्याचा कुरकुरला की आम्ही का म्हणून थांबायचं. दादानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पिवळी बनियान थांबली की बाकीच्यांना निघून जाणं बरं दिसत नाही, हे त्यालाही कळत होतं. तोही थांबला.

फाटक उघडलं. दोघं फौजी निघाले. जाताना त्यांच्या कप्तानानं मागे वळून एकदा पाहिलं, आम्ही खरंच थांबतोय का म्हणून. पंच घड्याळ धरून उभे होते. ते मिनिट माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब मिनिट. फाटकवाला हातातली हिरवी झेंडी गुंडाळायची विसरून आमच्याकडे पाहत होता. मग पंचांनी हात खाली केला आणि आम्ही सुटलो.

सावनेरच्या चौकात सगळा गाव रस्त्यावर आलेला. हार, ताशे, शाळेची पोरं. त्यांच्या समोरून आधी दोन परके फौजी गेले आणि मग मागून त्यांचा माणूस. ताशा मधेच थांबला. कोणीतरी ओरडलं, "काय झालं गा?" सावनेरवाल्यानं मान वर केली नाही. हार घेऊन पुढे आलेला म्हातारा तसाच हात पसरून राहिला.

त्यानंतर दादानं जे केलं ते मी पुन्हा कोणाला करताना पाहिलं नाही. पाटणसावंगीपासून त्यानं मला पुढे येऊच दिलं नाही. मी बाजूने वर सरकलो की तो कोपरानं मला मागे ढकलायचा. "तू कोराडीपासून लाग. आता मी." अंतर कमी होऊ लागलं. जीपमधून सर आकडे ओरडत होते. फाटकावरचा राग त्यांच्या आवाजातून गेला होता. खापरखेड्याच्या फाट्याशी वसाहतीतले लोक उभे होते, त्यांत वहिनी आणि दादाच्या दोन मुली. मला वाटलं, निदान इथे तरी तो मान वर करेल. त्यानं केली नाही. त्यांना ओलांडून थोडं पुढे गेल्यावर त्याचं चाक एकदा डुगडुगलं, तो रस्त्याच्या कडेला झाला आणि आम्ही त्याच्या बाजूनं निघून गेलो.

कोराडीपासून मी ओढलं, जितकं माझ्यात होतं तितकं. नागपूरच्या वेशीशी ते संपलं. शेवटचा तुकडा सावनेरवाला एकटाच गेला, वाऱ्यात, ज्या वाऱ्यात तो टिकत नाही असं आम्ही सगळे म्हणायचो. शर्यत जिथे संपत होती त्या मैदानावर मी पोचलो तेव्हा बेरीज झालेली होती. फौजी जिंकला होता. दोघांमध्ये एवढंसंच अंतर होतं, एक खोल श्वास घेऊन सोडायला लागतं तेवढं.

सावनेरवाला मांडवाच्या मागे बसून संत्रं सोलत होता. फौजी कप्तान त्याच्याजवळ येऊन बसला. मग तो म्हणाला, "सच बोलूँ? तुम्हारी जगह मैं होता तो नहीं रुकता।"

"मालूम है," सावनेरवाला म्हणाला आणि संत्र्याच्या दोन फोडी त्याच्यापुढे धरल्या. त्यानं त्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादानं आम्हाला आपल्या क्वार्टरवर जेवायला बोलावलं. दादा खाटेवर आडवा होता, दोन्ही पाय उशीवर. मुली त्याच्या पोटऱ्यांना तेल लावत होत्या आणि तो ओरडला की हसत होत्या. वहिनींनी भाकरी आणि झणझणीत रस्सा केला होता. आमचं जेवण निम्म्यावर आलं तोच सावनेरवाल्याची बायको दारात उभी राहिली. एसटीनं आली होती. आम्हाला तिनं पाहिलंच नाही.

"काहून सोडलं तुमी त्यांले?" ती म्हणाली. "गल्लीतल्या साऱ्या बायकांले घेऊन मी चौकात उभी होती. आता म्हणून राहिले का हा फौजींले सामील होता. तोंड कुठं दाखवू?"

तो हातातला घास तसाच धरून बसला. वहिनींनी तिच्यासाठी पाट टाकला, "बस वं बाई, आधी पाणी घे." ती बसली, पण पाण्याला हात लावला नाही.

घास ताटात ठेवून तो म्हणाला, "मी रोज त्याच फाटकातून खाणीवर जातो. रोज तिथं थांबा लागते. तसा जिंकलो असतो त रोज तेच आठवलं असतं ना."

"आता आठवणार नाही काय?" ती म्हणाली.

दादानं खाटेवरून काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि वहिनींनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. थोड्या वेळानं सावनेरवाल्याच्या बायकोनं पाणी घेतलं, मग भाकरीचा तुकडा मोडला. रस्सा तिखट लागला तेव्हा तिच्या डोळ्यांतलं पाणी नेमकं कशाचं ते कळलं नाही, आणि तिनंही तो फायदा घेऊन डोळे पदरानं पुसून घेतले.

ऊन कलायला लागलं तशी दोघं निघाली. आम्ही दारात उभे होतो. तो सायकल हातात धरून चालत होता, ती त्याच्या बाजूनं, अजून काहीबाही बोलतच होती आणि तो मान हलवत होता. एसटीच्या थांब्याजवळ पोचल्यावर तिनं बोलता बोलताच आपल्या हातातली पिशवी काढून त्याच्या हँडलला अडकवली.