मामांची उत्तर दिशा

पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबक आहे, हे आपण सगळे शाळेत शिकतो आणि विसरतो. अंथरुणावर पाठ टेकतानाही ते न विसरणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझे धाकटे मामा. शहाडच्या एका वर्कशॉपात त्यांनी जन्मभर विजेच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळायचं, म्हणजे वाइंडिंगचं, काम केलं, त्यामुळे चुंबक म्हणजे घरातलंच माणूस. खिशात पेनाऐवजी होकायंत्र असायचं. कुणाकडे मुक्कामाला गेले की चहाच्या आधी दिशा बघायचे आणि यजमानांचा पलंग फिरवायचे. माझ्या लग्नानंतर बाळकुमच्या आमच्या फ्लॅटवर आले तेव्हा त्यांनी पलंग असा काही लावला, की महिनाभर कपाटाचं एकच दार उघडत होतं. "उत्तरेकडे डोकं नको म्हणतात, त्यात यमाबिमाचा काही संबंध नाही," ते म्हणायचे. "रक्तात लोह असतं रे. कबुतरांना कळतं, कासवांना कळतं, तुम्हा शिकलेल्यांनाच कळत नाही." रक्तातलं लोह चुंबकाकडे असं ओढलं जात नाही, हे मी एकदा पुस्तक काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून अख्खं पान वाचलं आणि म्हणाले, "लिहिणारा कुठे डोकं करून झोपतो, ते दिलेलं नाही." मामी बिचारी कल्याणच्या त्यांच्या एका खोलीत, आडवी घातलेली खाट ओलांडून वर्षानुवर्षं स्वयंपाक करत आली.

मागच्या वर्षी मामीला हृदयाचा झटका आला. इस्पितळातल्या खाटेचं डोकं नेमकं उत्तरेला. मामांनी सिस्टरपुढे हात जोडले, "एवढी खाट फिरवा, बाई." पण ऑक्सिजनची नळी भिंतीतून येत होती, खाट फिरणं शक्य नव्हतं. दोन दिवस काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मामा खरोखर घाबरले होते, आणि इतकी वर्षं मी त्यांना हसत आलो याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेलो, तर मामा शेजारच्या बाकावर आडवे झालेले, डोकं उत्तरेकडे. थकून दिशा चुकले असतील, असं वाटून मी हळूच म्हटलं, "मामा, उलटे झोपलात."

डोळे न उघडता ते म्हणाले, "माहितेय रे. तिला जे व्हायचं ते मलाही होऊ दे."

तिसऱ्या दिवशी मामी उठून बसली आणि तिने चहा मागितला. मामांचं जन्मभराचं शास्त्र तिथे खोटं ठरलं, आणि हरलेला माणूस आनंदाने इतका रडलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यानंतर त्यांनी चुंबकाचं नाव काढलेलं नाही. खरं सांगतो, मला त्या वादांची फार आठवण येते.