बिनधुराचा स्वयंपाक

सन १९८६, जानेवारी महिना. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, नुकतीच उलटली होती. कारेलीबागेतल्या विजेच्या तारांवर फाटके पतंग लोंबत होते, आणि थंडी अशी, की सकाळी तोंड धुवायलाही धीर गोळा करावा लागे. आता तुम्हाला वाटेल, बाई हवामान सांगत बसणार. मुळीच नाही. मी माझी फजिती सांगणार आहे. आणि ती क्रमवार सांगणार आहे, कारण आमच्या यांनी ती चारचौघांत फार वेडीवाकडी करून सांगितली आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर तेव्हा तीन मुली राहत. तिघीही संशोधन करणाऱ्या, आणि रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे. नंदिनी डॉक्टर, माणसे मीठ किती खातात, हा तिचा विषय. वैजयंती समाजशास्त्राची, घरातले काम कोण करते, हे ती घरोघर विचारत फिरे. (हे विचारायला पीएच.डी. कशाला हवी? कोणत्याही मोलकरणीने फुकट सांगितले असते. पण असो!) तिसरी हेतल, नडियादची, इंजिनियर. ती स्वयंपाकघरातला धूर मोजत असे.

मी जुनी मॅट्रिक. आमच्या काळी प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असे, आणि ते देणे हे सभ्य माणसाचे कर्तव्य असे. संशोधन ही निराळी चीज आहे, हे आम्हाला कोणी शिकवलेच नव्हते.

प्रथम नंदिनीने गाठले. हातात एक भली मोठी बाटली. ज्या गोष्टीचा उच्चारही चारचौघांत करू नये, ती म्हणे दिवसभर त्या बाटलीत साठवायची! त्यावरून पोटात मीठ किती गेले ते कळते. मी कुलीन घरातली स्त्री. बाटली द्यायचीच, तर तिने आपली अब्रू राखावी, नाही का? त्या दिवशी मी लोणचे, पापड, चटणी वर्ज्य केली आणि अळणी भाताचे चार घास गिळले.

आठवड्याने नंदिनी नाचत आली. "आजी, तुमच्याइतकं कमी मीठ कुणीच खात नाही! कमाल आहे हं!"

"संयम असतो एकेकाचा," मी म्हटले.

मग आली वैजयंती. "आजी, घरातली भांडी कोण घासतं?"

आता सांगा, सुशिक्षित घराला काय शोभेल? आमच्या यांनी जन्मात स्वतःचा पेला विसळलेला नाही. पण मी म्हटले, "अर्धी हे घासतात."

"आजोबा?"

"हो तर. कपडेही वाळत घालतात. घडीसुद्धा इतकी नेटकी घालतात!"

वैजयंती भराभर लिहीत सुटली. खोटे बोलताना समोरचा लिहून घेऊ लागला, की काय हुरूप येतो म्हणून सांगू!

तेवढ्यात हेतल आली. तिने स्वतःच्या हाताने एक पत्र्याचा डबा बनवला होता. आत सुई, धूर आला की ती हाले आणि कागदाच्या पट्टीवर रेघ ओढत जाई. "बा, डब्बा सकाळपासून सांजेपर्यंत इथेच राहील," ती म्हणाली; आजीऐवजी ती मला बा म्हणे. "तुम्ही रोजच्यासारखंच रांधा, हं!"

रोजच्यासारखे! परीक्षेला कोणी रोजच्या हस्ताक्षरात लिहितो का?

घरात गॅस होता. पण बाजरीची भाकरी आणि वांग्याचे भरीत शेगडीच्या निखाऱ्यांवरच व्हावे, हा माझा दंडक. शिवाय माझी मिरचीची फोडणी अशी, की समोरच्या बंगल्यातले देसाई खिडक्या लावून घेत. त्या डब्याने हे सारे टिपायचे? छे! मी त्या दिवशी शेगडी पेटवली नाही, गॅस लावला नाही. चहासुद्धा शेजारी जाऊन घेतला. आणि यांना स्कूटरवरून सयाजीगंजला पिटाळले. तिथल्या खाणावळीतून पाच माणसांचे जेवण आणवले आणि माझ्या पातेल्यांत काढून ठेवले.

"हे कशासाठी?" यांनी विचारले.

"घराच्या नावासाठी."

"नाव घराचं आणि भाजी खाणावळीची! वा!"

रात्री मुली जेवायला बसल्या. "आजी, आज भाजी गोड लागते," नंदिनी म्हणाली.

"नवा मसाला आहे," मी म्हटले. आमचे हे ठसका लागल्याचे निमित्त करून उठून गेले.

चार दिवसांनी हेतल पानावर बसली ती डोळे सुजवूनच. घास तोंडात जाईना.

"काय झालं ग?"

"बा, सर म्हणे, तारो डब्बो बगडेलो छे. पाच माणसांचं रांधलं आणि रेघ सरळच्या सरळ!"

नंदिनीने पट्टी हातात घेतली. "अगबाई! आमच्याकडे अशी रेघ आली, की आम्ही नातेवाइकांना बोलावतो."

हेतल आणखी रडू लागली. रविवारी तिचे संशोधनाचे सर स्वतः येणार होते, कॉलेजचा चांगला डबा घेऊन. दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे. हिचा खोटा ठरला, तर दीड वर्षाचे काम पाण्यात! आणि तिच्या पप्पांनी बजावले होते, संशोधन जमत नसेल तर नडियादला ये. मुलगा पाहून ठेवला आहे, लगेच सगाई. "मैं दोनदा खोलून पाहिला, बा. कशातच खोट नाही मिळत!"

खोट डब्यात असती, तर मिळाली असती! मी तिला आणखी एक भाकरी वाढली आणि म्हटले, "थंडीत सुई आखडली असेल, बाळ."

इंजिनियर मुलीला मी हे सांगितले. ती बिचारी रात्रभर डब्याला शाल गुंडाळून बसली.

शनिवारी संध्याकाळी हे जवळ आले आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "उद्या किती पानं सांगू खाणावळीत? सरांचं धरून?"

"उद्या मी रांधणार आहे," मी म्हटले.

रविवारी सर आले. पोक्त, अबोल गृहस्थ. दोन्ही डबे फळीवर शेजारी शेजारी बसले. मी शेगडी पेटवली, वांगी निखाऱ्यांवर घातली, कढईत तेल तापवले आणि सुक्या मिरच्यांची मूठ आत सोडली.

पुढचे काय वर्णावे! सर खोकू लागले. नंदिनी दाराबाहेर पळाली. वैजयंती दाराशी उभी होती, तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. देसाईंच्या खिडक्या धडाधड लागल्या. आणि दोन्ही डब्यांतल्या सुया अशा थयथयल्या, की गरब्यालाही लाजवतील!

सरांनी रुमालाने डोळे पुसत दोन्ही पट्ट्या जुळवल्या. हुबेहूब! "डब्बो तो बराबर छे," ते म्हणाले. "पण मग त्या दिवशी सीधी लाइन कशी आली? हेतल, तू चालू करायला विसरली हतीस?"

हेतलचा चेहरा पांढराफटक पडला. आता गप्प राहणे मलाही शक्य नव्हते.

"ती विसरली नाही," मी म्हटले. "त्या दिवशी या घरात काडी ओढली गेली नाही. जेवण खाणावळीतून आणले होते."

"केम, माजी? असं कशाला?"

"माझ्या स्वयंपाकघराला चांगले गुण मिळावेत म्हणून."

सर असे हसले, की पुन्हा ठसका लागला. हेतल माझ्या गळ्यातच पडली. "बा, तुम्ही पण ना!" म्हणत हसत होती, रडत होती. प्रकरण मिटले असे मला वाटले.

इतक्यात दारातून नंदिनीचा आवाज आला. फार सावकाश.

"आजी... मग ते मीठ?"

मी भरिताची वांगी उलटली.

"आणि आजी," वैजयंती म्हणाली, "आजोबा भांडी घासतात ते?"

"कोण?" आमचे हे दचकून म्हणाले. "मी?"

तुम्हीच सांगा, यावर सभ्य स्त्रीने काय उत्तर द्यावे? मी कढई खाली उतरवली. वैजयंतीने कपाळावर हात मारला. नंदिनी वर गेली आणि बाटली घेऊन खाली आली.

सर मात्र अजून पट्टीच पाहत होते. "हेतल, अत्यार सुधी, आजपर्यंत, तू जेवढी घरं मापलीस, त्यात एवढी उंच रेघ कोणाची?"

"कोणाचीच नाही, सर. बाचाच पहिला नंबर."

"अभिनंदन!" आमचे हे म्हणाले, आणि खिडकी उघडायला धावले.