नियमाप्रमाणे पाजलेलं पाणी

सुरतेहून आलेलं पार्सल गळत होतं, म्हणून गार्डाने ते नंदुरबारला उतरवून माझ्यापुढे ठेवलं. खोक्यात घागरीएवढी काचेची बरणी. झाकण ढिलं होऊन निम्मं पाणी सांडलेलं. लेबलावर लिहिलं होतं, ‘जिवंत समुद्री प्राणी’. जायचं होतं नागपूरच्या एका कॉलेजात. तळाशी तळहाताएवढी लाल गोगलगाय पडली होती, पण पाठीवर शंख नव्हता.

मी तेव्हा तिथे पार्सल क्लार्क होतो. जिवंत पार्सल म्हणजे आमच्याकडे कोंबड्या, शेळ्या. उतरवलेल्या जनावराला पाणी पाजायचं, हा नियम. नियमात मी भलता पक्का! उखा हमालाला म्हटलं, “माठातलं भर.” समुद्र आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता.

उखाने दोन तांबे ओतले आणि थोड्याच वेळात ओरडला, “बाबू, हाई तर आखडी ऱ्हायनं! पानी दिधं तरी मरी ऱ्हायनं!”

गोगलगाय आवळून मुठीएवढी झाली होती. हिला खारं पाणी लागतं, हे आत्ता डोक्यात शिरलं. नियम पाळून मी एक जीव मारत होतो.

यार्डात मालगाडीचा मिठाने भरलेला डबा रिकामा होत होता. माल ज्यांचा, ते जैन शेठजी तिथेच उभे होते. धावत जाऊन त्यांना सगळं सांगितलं.

“जितलं लागी तितलं लई ल्या,” ते म्हणाले. “जीव वाचना पाहिजे.” आणि माझ्यामागोमाग तेही आले.

पण मीठ घालायचं किती? खोक्यातला पेंढा सांडलेल्या पाण्याने ओला होता. तो मी जिभेला लावला. उखा बादलीत मीठ कालवत गेला, मी चाखत गेलो. चव जुळल्यावर बरणीतलं पाणी थोडं थोडं बदललं. मग तिघेही उकिडवे बसलो.

बराच वेळ काही नाही. मग एक कडा हलली. लाल अंग उलगडलं, तळावरून उठलं आणि पांढऱ्या काठाचा घेर फुलवत पोहू लागलं, गिरकी घेतलेल्या घागऱ्यासारखं. हाड नाही, पंख नाही, जराही आवाज नाही. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. शेठजींनी हात जोडले.

“बाबू, समुद्रमा असं बी शे?” उखाने हळूच विचारलं.

दुपारच्या गाडीने पार्सल रवाना केलं. आठवड्याने प्रोफेसरांचं कार्ड आलं. प्राणी जिवंत पोहोचला होता. पाणी कुणी बदललं, अशी विचारणा होती. मी खरं ते कळवलं.

तेव्हापासून जिवंत पार्सलला पाणी पाजण्याआधी मी त्याचं गाव विचारू लागलो.